फाटकावरचं प्रमाणपत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ठाण्याहून नाशिककडे निघालात की भिवंडी बायपास संपता संपता वडपे लागतं. पूर्वी भातशेतीचं गाव, आता आजूबाजूला गोदामंच गोदामं. 2020 च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावी निघालेले मजूर आम्ही याच रस्त्यावर पाहिले. डिसेंबर 2021 मध्ये मी इथल्याच एका गोदामाच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेत होतो. आज त्या फाटकाबद्दल बोलायचं आहे.

27 नोव्हेंबरला राज्य सरकारचा आदेश निघाला होता. दुकान असो की कार्यालय, तिथं काम करणाऱ्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं हवं. पूर्ण म्हणजे दोन डोस, आणि दुसऱ्यानंतर 14 दिवस. नियम मोडणाऱ्या माणसाला 500 रुपये दंड, आस्थापनेला 10,000. मला ताकीद मिळाली, मोबाईलवरचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.

माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर शहापूरकडचा एक पोरगा होता. त्यानं पहिला डोस 12 ऑक्टोबरला, सरकारच्या ‘मिशन कवच कुंडल’ मोहिमेत घेतलेला. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा 84 दिवसांचं अंतर ठेवावं लागे. म्हणजे दुसरा डोस 4 जानेवारीला आणि फाटकातून प्रवेश 18 जानेवारीला! ‘‘काका, मी कुठं नाही म्हणतोय? तेच देत नाहीत,’’ तो म्हणाला. त्याचं खरं होतं. मे महिन्यात तर लस पुरत नाही म्हणून राज्यानं 18 ते 44 वयोगटाचं लसीकरणच थांबवलं होतं. तरी मी त्याला म्हटलं, ‘‘दोन्ही डोस झाले की ये.’’ तो गेला.

समोरच्या चहाच्या टपरीवर रोज वाद चाले. एक म्हणे, लस घेऊनही कोरोना होतो, मग घ्यायची कशाला? दुसरा म्हणे, न घेणाऱ्यांचं रेशन बंद करा. ही काही नुसती टपरीवरची भाषा नव्हती. औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश त्याच नोव्हेंबरात निघाला होता. मुंबईची लोकल तर 15 ऑगस्टपासूनच दोन डोसवाल्यांची झाली होती.

मला वाटतं, या भांडणात दोन प्रश्नांची गल्लत होत होती. लस मला वाचवते का, हा एक प्रश्न. माझ्यापासून दुसऱ्याला होणारी लागण ती थांबवते का, हा दुसरा. स्वतःसाठी दंड पुढे करायला पहिल्याचं उत्तर पुरे. शेजाऱ्यावर सक्ती करायची, तर दुसऱ्याचंही उत्तर हवं.

देवीच्या लशीपाशी ते होतं. 1802 च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. आमच्या आजीच्या पिढीत ‘देवी काढायला’ माणूस दारी येई आणि त्याचा वण दंडावर जन्मभर राही. लस लागू पडली की वर्षानुवर्षं देवी येत नसत, आणि ज्याला येत नाहीत तो पसरवणार कुठून? सक्तीच्या कायद्यांना तिथं आधार होता. 1977 मध्ये देश देवीमुक्त ठरला.

कोरोनाच्या लशीचं गणित निराळं. कोव्हॅक्सिनच्या चाचणीत 77.8 टक्के परिणामकारकता दिसली, तेव्हा टपरीवर हिशेब झाला की शंभरातल्या बावीस जणांना कोरोना होणारच. तसा त्याचा अर्थ नाही. लस न मिळालेल्या गटात जितके लोक लक्षणांसह आजारी पडले, त्याच्या तुलनेत लस घेतलेल्यांत तितक्या टक्क्यांनी कमी पडले, एवढाच. शिवाय तो आकडा ओमिक्रॉन येण्यापूर्वीचा. लागण रोखण्याची ताकद काही महिन्यांत ओसरते. गंभीर आजारापासूनचं संरक्षण बरंच अधिक टिकतं.

जानेवारी 2022 मध्ये ते डोळ्यांनी दिसलं. दोन-दोन डोस घेतलेली माणसं घरोघरी तापानं पडली, पण आदल्या एप्रिलसारखी ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली नाही. त्यात लशीचा मोठा वाटा होता. आधी होऊन गेलेल्या लागणीचा होता, नव्या विषाणूच्या सौम्यपणाचाही होता. सगळं श्रेय लशीला देणारे आणि तिला काहीच न देणारे, दोघांशीही माझं पटत नाही.

डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2 मे 2022 रोजी निकाल दिला. न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठानं म्हटलं, की लस घेण्याची बळजबरी कुणावर करता येणार नाही. सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र त्यांनी योग्य ठरवलं. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. आणि लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवलेली नाही, असं त्यांनी नोंदवलं. आपल्याकडचे निर्बंध त्याआधीच, गुढीपाडव्याच्या सुमारास उठले होते.

मी स्वतः लस घेतली होती, आईलाही दिली होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खिशात प्रमाणपत्र घेऊन मी दोन दिवस कणकण अंगावर काढली आणि फाटकावर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी चाचणी केली, कोरोना निघाला. माझ्यामागून हजेरीच्या टेबलावरचे आणखी दोघे आजारी पडले. त्यांचेही दोन्ही डोस झालेले होते.

तो पोरगा 18 तारखेला प्रमाणपत्र घेऊन आला, तेव्हा मी घरीच होतो. मधले सहा आठवडे त्यानं वीटभट्टीवर काढले, हे मला मागाहून कळलं. तिथं त्याला कुणी प्रमाणपत्र विचारलं नव्हतं.