दंडाची पावती आणि हातावरचे पोट



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमची शाळा सातवीत सुटली. कायदा आम्ही शिकलो तो कामगारांना आलेल्या नोटिसा वाचून. तेव्हा आज एका नोटिशीविषयीच बोलतो. तिला ई-चलन म्हणतात.

प्रथम जमेची बाजू. चौकात हवालदाराच्या हातावर काही टेकवावे आणि पावतीवाचून सुटावे, हा व्यवहार आपणा सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा चिरीमिरी घेत नाही, मोठ्याची मोटार पाहून सलाम ठोकत नाही. हे चांगलेच झाले. सिग्नल तोडणाऱ्याची वकिली करायला आम्ही उभे नाही.

परंतु कॅमेरा पाहतो काय? नंबराची पाटी. पाटीवरून दप्तरातला मालक सापडतो आणि संदेश त्याच्या मोबाईलवर जातो. गाडी कोण हाकत होता, हे पाटी सांगत नाही. आता आपल्या शहरातला रिक्षावाला पाहा; पुष्कळांची रिक्षा भाड्याची. टेम्पो शेठचा. चलन शेठकडे जाते, दोन महिन्यांनी पगारातून कापले जाते, आणि ड्रायव्हरला ना फोटो दिसतो, ना जागा, ना वेळ. 'माल उतरवायला तुम्हीच तिथे थांबवले होते,' हे म्हणायला तोंडच उरत नाही.

रक्कमही आता किरकोळ राहिलेली नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून दुरुस्त मोटार वाहन कायद्याने दंड वाढवले; परवान्यावाचून गाडी हाकण्याचा 500 रुपयांचा दंड 5000 झाला. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर 2021 मध्ये लावले. हातावर पोट असणाऱ्याची यात आठवड्याची चूल विझते.

कायद्यात आधार नाही असे मात्र नाही. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने नियम 167-अ घातला. यंत्राला दर वर्षी मंजुरीचे प्रमाणपत्र हवे, कॅमेऱ्याच्या टापूत सूचनेचा फलक हवा, चलनाबरोबर फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे, असे त्यात लिहिले. मोटार कायद्याचे कलम 133 तर मालकालाच ड्रायव्हरचे नाव सांगायला लावते. आणि कामगाराच्या हयगयीने झालेल्या नुकसानीपोटी वेतन कापायचे, तर आधी त्याचे म्हणणे ऐकावे, हे 1936 च्या वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतनसंहितेतही कायम राहिले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. चलन ड्रायव्हरच्या हाती त्याच आठवड्यात पडावे. पुराव्यावाचून मालकाने दमडी कापू नये. आणि दंड भरायला जशी दोन मिनिटे पुरतात, तशीच हरकत घेण्याची वाटही जवळची असावी. एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तर निर्दोष माणूसही मुकाट्याने पैसे भरतो.

गाडी चालवणाऱ्या मित्रांनो, दरमहा शेठकडे चलनाची प्रत मागा. एकट्याने मागाल तर दटावले जाल. दहाजण मिळून मागा.