अभिप्रायाचें मोल कोण देतो?

पनवेल हें वाटेवरचें गांव. मुंबईहून घाटावर जाणारा आणि कोंकणांत उतरणारा, असे दोन्ही रस्ते येथूनच फुटतात. आणि वाटेवरच्या गांवाला परक्याच्या शब्दावर व्यवहार करण्याची संवय लवकर लागते. १८७२ सालीं येथें पुराणिक घराण्यानें श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. अशा कारखान्यांतील आसवें आणि भस्में दूरदूरच्या घरांत पोंचत, तीं बहुधा कोणा ना कोणा वैद्याच्या शब्दावर. वैद्य नाडी पाही, औषध सांगे आणि आपली दक्षिणा घेई. ती दक्षिणा रोगी देई. सल्ला ज्यास मिळाला त्यानेंच त्याचें मोल दिलें, हा त्या व्यवहारांतील सरळपणा होता. वैद्य स्वतः औषध विकीत असला तरी ती गोष्ट कांहीं लपलेली नसे. बाटली त्याच्याच फळीवर, रोग्याच्या डोळ्यांसमोर उभी असावयाची.

आज त्याच पनवेलच्या परिसरांत सल्ल्याचा एक निराळा व्यापार चालतो. २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०२५ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि भोंवतालच्या भातखाचरांतून इमारती उठल्या. दादर-गिरगांवांतील दोन खोल्यांत वाढलेलें एखादें कुटुंब येथें फ्लॅट घेण्याचा विचार करितें, तेव्हां तें प्रथम मोबाइल उघडून पाहतें. तेथें कोणी हंसतमुख तरुणी एखाद्या नव्या इमारतीच्या गच्चीवर उभी राहून सांगत असते कीं, येथून स्टेशन जवळ, शाळा जवळ, हवा शुद्ध आणि बांधणारा सचोटीचा. ऐकणाऱ्यास वाटतें, ही आपल्यासारखीच कोणी जागा पाहून आलेली असावी. या चार वाक्यांबद्दल तिला बांधणाऱ्याकडून रक्कम मिळाली असली, तर ती गोष्ट पुष्कळदां त्या चित्रांत कोठेंच आढळत नाहीं. सल्ला एकास, मोल दुसऱ्याकडून. आणि सल्ला घेणाऱ्यास त्या दुसऱ्याचा पत्ता नाहीं. येथें पणाला लागते ती त्या कुटुंबाची जन्माची पुंजी, आणि वर वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते.

मत लिहून पैसे मिळवावे यांत मुळांतच कांहीं पाप आहे, असें मात्र नव्हे. मराठी मासिकांतून 'साभार पोंच' आणि 'अभिप्राय' हीं सदरें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. प्रकाशकानें परीक्षणासाठीं पुस्तकाच्या प्रती, बहुधा दोन, मोफत पाठवावयाच्या आणि संपादकानें त्यांतील एक परीक्षकाच्या हातीं द्यावयाची, हा रिवाज. परीक्षकानें पुस्तक विकत घेतलेलें नाहीं, हें वाचक धरूनच चाले. मोफत आलेलें पुस्तक परीक्षक मनसोक्त झोडपूनही काढी. (ती झोडपणी कित्येक लेखकांस सोसत नसे, आणि मग खुलासे-प्रतिखुलाशांनीं पुढचे अंक भरत, वाचकांची तेवढीच करमणूक.) ती प्रत मताची किंमत नव्हती, मत बनविण्याचें साधन होतें.

औषधांच्या जाहिरातींत प्रकार वेगळा होता. तेथें गुण आलेल्या रोग्यांचीं प्रशस्तिपत्रें छापण्याची चाल जगभर पडली होती, आणि पत्र लिहिणारा खरोखर आजारी होता काय, हें तपासण्याचें साधन वाचकापाशीं नव्हतें. भारतांत १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, तो अशाच जाहिरातींच्या अनुभवांतून. अमेरिकेनें त्याहून आधीं, १९१२ सालीं, वर्तमानपत्रांसंबंधीं एक कायदा केला होता: पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीसारखा दिसत असेल, तर त्यावर 'जाहिरात' असा शब्द स्पष्ट छापला पाहिजे. पुढील शंभर वर्षांत या विषयावर जें जें ठरलें, त्यांतील बहुतेकाचें सार या एका शब्दांत आहे.

इंटरनेट आलें तेव्हां हा शब्द पुन्हां विसरला गेला. २००६ सालीं अमेरिकेंत 'पे-पर-पोस्ट' नांवाची पेढी निघाली. घरबसल्या स्वतःचीं पानें लिहिणारे हजारों हौशी लेखक एका बाजूस आणि माल खपविणारे दुसऱ्या बाजूस, यांची गांठ ती घालून देई. अमुक वस्तूवर इतक्या शब्दांचा मजकूर लिहावा, त्यांत विक्रेत्याच्या पानाचा दुवा द्यावा, आणि पेढीनें तपासल्यावर पैसे घ्यावे, असा व्यवहार असे. स्तुतीचीच अट घालण्याचीही मालवाल्यास मुभा होती. पैसे मिळाले हें वाचकास सांगण्याची आरंभीं सक्ति नव्हती. फार गदारोळ झाला तेव्हां त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती आली. अशाच दुसऱ्या पेढ्याही निघाल्या.

या व्यवहारांत त्या दुव्याला एवढें महत्त्व कां, हें समजून घेण्याजोगें आहे. गूगलसारखीं शोधयंत्रें एखाद्या पानाची योग्यता ठरवितांना इतर किती पानें त्याकडे बोट दाखवितात, हें मोजतात. बोट दाखविणें म्हणजे एक प्रकारें मत देणें. तें मत विकत घेतां येऊं लागलें, म्हणजे मोजणीच खोटी पडते. म्हणून गूगलनें असे विकाऊ दुवे देणाऱ्या पानांची प्रत उतरविण्यास प्रारंभ केला. गंमत अशी कीं, २००९ च्या फेब्रुवारींत खुद्द गूगलच्या जपानी शाखेनेंच पैसे देऊन स्तुति लिहवून घेतल्याचें उघडकीस आलें, आणि मूळ कंपनीला आपल्याच शाखेच्या पानाचा दर्जा ९ वरून ५ वर आणावा लागला. घरच्या माणसाला दंड करणारे सावकार विरळाच. तेवढ्यापुरतें कौतुक करावयास हरकत नाहीं.

त्याच २००९ सालीं महाराष्ट्रांत विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळीं एका उमेदवाराच्या स्तुतीचा तोच मजकूर, शब्दही न बदलतां, परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून झळकला. प्रतिस्पर्ध्यांच्या लेखण्या इतक्या एकचित्त कशा झाल्या, हा प्रश्न अर्थातच विचारला गेला. 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत गेला, आणि २०१० सालीं भारतीय वृत्तपत्र परिषदेनें या रोगावर अहवाल दिला. एकट्यादुकट्या हौशी लेखकास दोष देण्यापूर्वीं हें आठवणें न्यायाचें होईल. मोठीं छापखानेवालीं घरेंही या मोहांतून सुटलेलीं नव्हतीं.

कायद्याची पावलें सावकाश पडलीं, पण पडलीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलांत आला. त्यानें फसव्या जाहिरातीबद्दल माल करणाऱ्याबरोबर त्याची शिफारस करणाऱ्यासही जबाबदार धरलें: दंड १० लाखांपर्यंत, पुन्हां तेंच केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय १ वर्षापर्यंत, आणि पुन्हां तेंच केल्यास ३ वर्षांपर्यंत, शिफारस करण्यासच मनाई. मात्र शिफारस करण्यापूर्वीं मालाविषयींच्या दाव्यांची नीट शहानिशा केली होती, असें दाखवितां आलें तर सुटका आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं शिफारस करणारा व मालवाला यांच्यांतील संबंध उघड करणें बंधनकारक केलें. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें त्याची रीतही सांगितली. 'जाहिरात', 'प्रायोजित' असा साधा शब्द; तोही शिफारस ज्या भाषेंत त्याच भाषेंत; चित्र असेल तर चित्रावरच, आणि प्रत्यक्ष प्रक्षेपण चालूं असेल तर अखेरपर्यंत दिसत राहील असा. मराठींत गोड बोलून कबुली तेवढी बारीक इंग्रजी अक्षरांत खालीं ढकलणें, हा चलाखपणा या नियमानें बाद केला. संबंध म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. मोफत जेवण, फुकट प्रवास, भेट मिळालेली वस्तु, नातेगोतें, नोकरी, हें सर्व त्यांत येतें.

घरांसंबंधीं आणखी एक पहारा आहे. २०१७ पासून महाराष्ट्रांत महारेरा हें प्राधिकरण काम करीत आहे. गृहप्रकल्पाच्या जाहिरातींत नोंदणीचा क्रमांक असलाच पाहिजे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मोबाइलनें टिपतां येणारी सांकेतिक चौकटही. ती टिपली म्हणजे प्रकल्पाचे मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, जमिनीवर कज्जा असल्यास तो, अशी माहिती समोर येते. मोल देऊन करविलेली स्तुति जर जाहिरातच, तर गच्चीवरील त्या चित्रालाही हा नियम लागला पाहिजे. तेथें क्रमांक दिसत नसेल, तर शुद्ध हवेचें वर्णन ऐकण्यांत वेळ घालविण्याचें कारण नाहीं.

मग सुशिक्षित तरुणानें या मार्गानें कमाई करूंच नये काय? अवश्य करावी. पनवेलच्या खानावळी, कर्नाळ्याच्या अभयारण्याजवळचीं उतरण्याचीं ठिकाणें, नवे मोबाइल, यांविषयीं नेटकें लिहिणाऱ्यास आज मागणी आहे. फक्त 'जाहिरात' हा शब्द वर लिहिला कीं पुष्कळ मालवाले दर उतरवितात. उघड स्तुतीचा दर आणि लपविलेल्या स्तुतीचा दर यांत जें अंतर पडतें, तें लेखनाचें मोल नव्हे. तें मौनाचें मोल आहे. लिहिणाऱ्याच्या कौशल्याला मालवाला जेवढें देण्यास तयार असतो, तेवढें उघडपणेंही मिळतें.

आयकरखात्यानें तर ही विभागणी मोठ्या रोखठोकपणें केली आहे. १ जुलै २०२२ पासून, धंद्याच्या ओघांत मिळालेल्या भेटवस्तूंची किंमत वर्षांत २०,००० रुपयांवर गेली तर देणाऱ्यानें १० टक्के कर कापून भरावा, असा नियम आला. अभिप्रायासाठीं आलेला मोबाइल वापरून परत पाठविला तर तो लाभ नव्हे. ठेवून घेतला तर लाभ, असें खात्याच्या परिपत्रकानें स्पष्ट केलें. मासिकाच्या परीक्षकाकडे राहिलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणी केला नव्हता, हा भाग निराळा.

राहतां राहिला वाचक. निःसंग सल्ला हवा असेल तर वैद्याच्या दक्षिणेप्रमाणें त्याचें मोल स्वतः देण्याची वाटही लोकांनीं शोधून पाहिली आहे. अमेरिकेंत १९३६ सालीं ग्राहकांनीं एक संस्था काढली. ती जाहिरात घेत नाहीं, आणि तपासावयाची वस्तु कारखान्याकडून न मागवितां दुकानांतून, चार गिऱ्हाइकांसारखी, पैसे मोजून आणते; खर्च भागतो तो मुख्यत्वें वर्गणीदारांच्या पैशांवर आणि देणग्यांवर. मुंबईंत १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें दुसरी तऱ्हा काढली. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं गट करावा, महिन्याच्या जिनसांची यादी एकत्र द्यावी आणि एकाच घरीं उतरलेला माल वांटून घ्यावा. धान्य कसें निघालें, हें तेथें कोणास लिहून विचारावें लागत नाहीं. वांटणीच्या दिवशीं दहा घरच्या बायका एकमेकींस तोंडावर सांगतात.