वळिवड्याची मुलं



महावीर उद्यानातला पोलिश स्मारकस्तंभ आपण सगळ्यांनी पाहिलाय, वाचला मात्र थोड्यांनीच. 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. 1940-41 साली सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथं पोचली. छावणीत शाळा, दवाखाना, चर्च, सगळं होतं. मला मोठी गोष्ट वाटते ती त्यांच्या स्काउट पथकांची. वडील लढाईवर, काहींच्या वडिलांचा पत्ताच नाही, आणि इकडं पंचगंगेच्या मुलखात थोरली मुलं धाकट्यांना गाणी आणि खेळ शिकवतायत! फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधायचं घाटतंय. सर समोर बसलेत तरी सांगतो, मला हे पटत नाही. ऊसतोडणीला आईबापांबरोबर बीडकडून येणाऱ्या पोरांची शाळा दर हंगामात तुटते. त्यांच्यासाठी जानेवारीत आठ दिवसांचं शिबिर याच मैदानावर घेऊ. गाणी शिकवायला आपल्यात चौघी शिक्षिका आहेत, दात तपासायला दोन डॉक्टर आहेत. जेवणाचं मी बघतो. कमानच हवी असेल त्यांनी आज पंगतीत माझ्या शेजारी बसावं, तिथं भांडू.