पहिल्या महिन्यातला निर्णय



कामगार नुकसानभरपाईचे दावे हाताळण्याच्या आपल्या क्षेत्रात नेतृत्वापर्यंत कसे पोहोचावे यावर मी बोलावे, अशी आयोजकांची इच्छा आहे. परीक्षांचे लवकर आटोपते. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची फेलोशिप जरूर मिळवा, पहिल्या दहा वर्षांत मिळाली तर उत्तम. पण आपला माणूस घडतो तो फायलीवर, म्हणून मी एका दाव्याबद्दलच बोलणार आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर एक पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, मुले आणि म्हातारी आई. २००९ मध्ये आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. अपघात कामाच्या ठिकाणी झालेला नाही, या कारणावरून २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. म्हणजे बावीस वर्षे गेली. एवढ्या काळात मुले मोठी होतात आणि ज्या वयात त्या पैशांची गरज होती ते वय निघून जाते.

अपील करण्यात बेकायदा काही नव्हते. घरापासून कामापर्यंतचा रस्ता नोकरीत धरायचा की नाही, यावर तेव्हा खरोखरच मतभेद होते. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली आलेल्या कलम ५१ईचा आधार घेऊन न्यायालयाने तो प्रश्न सोडवला. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध मात्र दिसला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर ही तरतूद थेटच आली आहे. पण पहाटे तीनच्या पाळीचा पहारेकरी त्या वेळी, त्या रस्त्याने आणखी कुठे निघाला असणार? हा प्रश्न पहिल्या महिन्यात, पहिल्या टेबलावर विचारायला कोणत्याही कलमाची गरज नव्हती.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातले कलम ४अ आपण व्याजासाठी लक्षात ठेवतो. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ते मात्र आपण फार कमी वापरतो. मालकाला दायित्व पूर्ण मान्य नसले, तरी जेवढे मान्य आहे तेवढी रक्कम त्याने तात्पुरती द्यावीच. संहितेनेही हे टिकवले आहे. समजा, तीस वर्षांचा कामगार दगावला आणि मजुरी कायद्याच्या मर्यादेइतकी, १५,००० रुपये आहे. निम्मी मजुरी गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. वाद फक्त मजुरीच्या आकड्याचा असेल, तर हजेरीपट आणि मजुरी रजिस्टर ज्या आकड्यापर्यंत साथ देतात, तिथपर्यंतचे पैसे आयुक्तांकडे भरायला मालकाला सांगा, आपला धनादेश त्याच्या हाती द्या आणि उरलेल्यावर खुशाल भांडा. अशी शिफारस लिहून तिच्यावर सही करणारा अधिकारी मला नेता वाटतो, मग त्याचे पद कोणतेही असो.

दुसरी गोष्ट धंद्याच्या ओळखीची. १९६८ मध्ये ओडिशातल्या जेपूर इथे चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टात अशा जखमेला टक्केवारी ठरलेली आहे, आणि मालकाचा जोर तिच्यावरच होता. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पाहिले: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, हेही त्याच निकालात आहे. आज कामावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आपण परिशिष्ट शिकवतो. रंधा कसा धरतात, पॉवर प्रेसवर पत्रा कोणत्या हाताने सरकवतात, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. डॉक्टरांचा दाखला हाताविषयी बोलतो, कमाई किती बुडाली हे तो सांगत नाही. ते शोधायला कारखान्यात जावे लागते, मुकादमाशी बोलावे लागते, जखमी माणसाच्या घरी जाऊन बसावे लागते. सर्व्हेअरचा अहवाल आला की काम झाले, असे मानणारा अधिकारी विभागप्रमुख होईलही. त्याच्या हाताखाली कोणी शिकणार नाही.

आता विभागप्रमुखांशी बोलते. वार्षिक मूल्यमापनात आपण ‘किती रक्कम वाचवली’ हे विचारतो. जे विचाराल तेच हाताखालची माणसे आणून देतात. खोटा दावा पकडणे हे आपले कामच आहे आणि ते कसोशीने व्हावे. पण त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: किती दाव्यांत पहिल्या महिन्यात रक्कम मोकळी केली, आणि नाकारलेले किती दावे पुढे आयुक्तांसमोर किंवा न्यायालयात टिकले. दुपारच्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. दुसऱ्या रकान्याला विरोध होईल, याची मला कल्पना आहे. ज्यांना तो करायचा आहे त्यांनी आपापल्या कार्यालयाचे आकडे घेऊन यावे, म्हणजे चर्चा नेमकी होईल.