गिटार, बेंजो आणि पंगत
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘आपल्या कलाजीवनाविषयी चार शब्द बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी, वैद्यांनी, वकिलांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. आम्ही पडलो कर्जत-खालापूरच्या मांडवांतून गिटार वाजविणारे एक साधे वादक! तथापि आमच्यापाशी एक गोष्ट अशी आहे, की जी आपल्या ज्ञातीपुढेच सांगावयास हवी. ती सांगण्याचे धैर्य यावे म्हणून आरंभी थोडे वाद्यांविषयी बोलतो.

१९७१ साली घाटापलीकडे, लोणावळ्याच्या पुढच्याच स्थानकावर, मळवलीस ‘स्नेहयात्रा’ या नावाने रॉक संगीताचा मोठा मेळावा भरला होता. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. केस वाढविलेल्या तरुणांविषयी वडीलधाऱ्यांनी काढलेले उद्गार तेवढे आम्हांस आठवतात. त्याच वर्षी ‘हरे रामा हरे कृष्णा’ हा चित्रपट आला. त्यातील ‘दम मारो दम’ या गाण्यात भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली गिटार लग्नाच्या कर्ण्यातून आमच्या कानी पडली, आणि हे वाद्य आपल्या हाती यावे असा ध्यास लागला.

आपल्याकडे तारेचे वाद्य नव्हते असे मात्र नाही. हळदीच्या रात्री, गणपतीच्या मिरवणुकीत आपला बेंजो होताच. आपण ज्यास बेंजो म्हणतो ते वस्तुतः बुलबुलतरंग होय. १९१२ साली जपानातील नागोया शहरी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य निर्माण झाले. टंकलेखन यंत्राप्रमाणे बटणे दाबून तारेची लांबी कमी-अधिक करावयाची अशी त्याची योजना. तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले आणि आपल्या रायगड-ठाण्याकडे विजेची जोड मिळून मांडवाचा राजा झाले. विजेच्या गिटारीचे मर्मही निराळे नाही. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. त्यावर पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. एक वाद्य नागोयाहून आले, दुसरे अमेरिकेहून. दोघांचीही गाठ पडली ती हळदीच्या मांडवात!

कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली रायगड असे नामकरण झाले, त्याच सुमारास आम्ही पाच मित्रांनी वाद्यवृंद उभा केला. गिटार, बेंजो, कोंगो, ढोलकी आणि गायक. पाच जण पाच ज्ञातींचे. गिटार होती कलकत्त्याच्या गिव्हसन कंपनीची, तीही जुनी. तालमीस जागा मिळाली ती एका भातगिरणीत. दिवसभराचे भरडणे आटोपले की रात्री आम्ही कोंड्याच्या ढिगाजवळ बसत असू. कोंड्याची धूळ ध्वनिवर्धकात शिरे. पावसाळ्यात तारा गंजत आणि गिटारीची मान दमट हवेने वाकडी होई. मग एक जण कर्जतहून गाडी धरून मुंबईस बोरीबंदरला उतरे आणि पायी धोबीतलावास जाऊन फुर्टाडोच्या दुकानातून तारा आणी. शंभर किलोमीटर जावयाचे, शंभर किलोमीटर परत यावयाचे, आणि आणावयाचे काय, तर खिशात मावेल एवढी पुडी!

त्याच धोबीतलावावरील रंगभवनात पुढे ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळे होऊ लागले. १९८६ साली त्यांचा आरंभ झाला. आम्ही एकदा ते पाहून आलो. मुंबईची मुले इंग्रजी गीते गात होती, आणि श्रोते एकमेकांना ‘तू कोणाचा?’ असे न विचारता खांद्यास खांदा लावून उभे होते. परतताना शेवटची गाडी चुकली. पहाटेपर्यंत फलाटावर बसून आम्ही पाचही जणांनी एकाच पुड्यातले चणे खाल्ले. ही गोष्ट ध्यानी ठेवावी, कारण पुढील हकीकतीशी तिचा संबंध आहे.

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली गाडी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी थांबत जाते. त्यांतील एका स्थानकापासून आत असलेल्या गावी आपल्याच ज्ञातीतील एका घरी हळदीचा कार्यक्रम होता. गावाचे वा घराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते घर आपणांपैकी कोणाचेही असू शकले असते. त्या रात्री आमचे वादन उत्तम झाले. विशेषतः ढोलकी अशी बोलत होती, की वृद्ध मंडळीही नाचावयास उठली. मध्यरात्री वादन थांबले. यजमान आमच्याजवळ आले आणि प्रेमाने म्हणाले, “चला, तुम्ही आपलेच, आत पंगतीला बसा. बाकीच्यांची पाने मागे गोठ्याकडे पाठवतो.”

बाकीचे म्हणजे ढोलकीवाला आमचा मित्र आणि कोंगो वाजविणारा दुसरा. त्यांच्या जाती यजमानांनी सायंकाळीच विचारून ठेवल्या होत्या.

बंधु-भगिनींनो, त्या वेळी एक वाक्य बोलणे आमच्या हाती होते. ‘आम्ही सारे एकत्र जेवू, नाहीतर कोणीच जेवणार नाही,’ एवढेच. ते आम्ही बोललो नाही. भूक होती, वडीलधाऱ्यांची भीड होती, बिदागी मिळावयाची होती, पुढील वर्षाची आमंत्रणे जाऊ नयेत ही चिंता होती. कारणे पुष्कळ होती. त्यांतील एकही आज उपयोगी पडत नाही. मुले गिटारीस हात लावतील म्हणून आम्ही ती ढोलकीवाल्या मित्राच्या हाती दिली आणि आत जाऊन जेवलो. बाहेर आलो तेव्हा तो गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याचे पान तसेच बाजूस झाकलेले होते.

तो काही बोलला नाही. त्या हंगामातील ठरलेले सर्व कार्यक्रम त्याने वाजविले. कारण दिलेला शब्द त्याने कधी मोडला नाही. पावसाळा लागला, आणि पुढील तालमीस तो आला नाही. खोपोलीस कारखान्यात त्यास नोकरी लागली असे कळले. त्याच्यावाचून आमचा वाद्यवृंद दोन वर्षेही टिकला नाही. ‘ढोलकीवाला मिळाला नाही’ असे आम्ही लोकांस सांगत असू. ढोलकीवाले पुष्कळ मिळाले असते. आमचाच हात तारेवर नीट पडत नव्हता.

पुष्कळ वर्षांनी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, “जेवणाचं सोड रे, तसली पानं मी लहानपणापासून पाहिली होती. पण तुझी गिटार मी राखायची, आणि माझ्यासाठी तू एक शब्द बोलायचा नाही, हे मला लागलं.” यावर उत्तर नव्हते, आणि त्यानेही त्याची वाट पाहिली नाही. त्याने चहा मागविला. तो आम्ही त्याच्या घरी, त्याच्या शेजारी बसून घेतला.

अस्पृश्यता आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने नष्ट केलेली आहे. १९५५ सालापासून तिच्या आचरणास शिक्षा देणारा कायदाही आहे. आम्ही ज्या रात्रीविषयी बोललो ती त्यानंतर तीस वर्षांनी आली. कायदा न्यायालयापर्यंत पोहोचतो. मांडवातील पंगतीपर्यंत त्यास पोहोचवावयाचे काम यजमानाचे, आणि तेथे बसलेल्या प्रत्येक पाहुण्याचे आहे.

आता हळदीस ध्वनिमुद्रित संगीताच्या भिंती उभ्या राहतात, वादकांना बोलावणे कमी झाले आहे. तरी बेंजोचे ताफे अद्याप आहेत, त्यांत तरुण मुले आहेत, आणि कोणत्याही चांगल्या ताफ्यात अनेक ज्ञातींचे हात एकाच तालावर पडत असतात. म्हणून संघापुढे आमची एकच सूचना आहे. ज्ञातीतील प्रत्येक कार्याच्या यादीत वादकांची पाने पहिल्या पंगतीत, एकाच ओळीत, कोणाची जात न विचारता मांडावीत. आणि संघाने आपल्या स्वतःच्या संमेलनापासून याचा आरंभ करावा. आज सायंकाळी भोजनापूर्वी ताफा वाजणार आहे. त्यातील मुले कोठे बसतात हे आम्ही पाहणार आहोत, आणि जेथे ती बसतील तेथेच आमचेही पान असेल.