दशावतारातील यम आणि त्याचे प्रेक्षक



सावंतवाडीकरांपुढे दशावताराविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे मालवणच्या मासळीबाजारात जाऊन बांगडा कसा निवडावा हे सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी संकासुराला पाहून आईच्या पदरात तोंड लपविले असेल, आणि उजाडता उजाडता दहीकाल्याचा प्रसाद हातावर घेऊन पेंगत घर गाठले असेल. म्हणून या खेळाचा उगम कोठला, तो कर्नाटकातून केव्हा आला, यक्षगानाशी त्याचे नाते काय, हा सारा वाद आम्ही आज बाजूस ठेवतो. आमचा विषय लहान आहे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास देवळापुढील मांडात सत्यवान बाकड्यावर आडवा होतो, यम येतो, आणि समोर जमिनीवर बसलेली माणसे त्या वेळी काय करतात, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे. नट काय करतो हे पुष्कळांनी सांगितले आहे. प्रेक्षक काय करतो इकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

या खेळाची साधने किती थोडी! एक लाकडी बाकडे, मागे एक पडदा, एका अंगाला पायपेटी, पखवाज आणि झांज. तेच बाकडे राजाचे सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत आणि तेच मृत्युशय्या. पूर्वी गॅसबत्ती होती, आता विजेचे दिवे आहेत. कपड्यांचा आणि मुखवट्यांचा पेटारा डोकीवर घेऊन मंडळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला पायी जात असत. आता टेंपोने जातात. लिहिलेले नाटक नाही. कोणते आख्यान लावावयाचे ते ठरले, पात्रे वाटली गेली, प्रवेशांचा क्रम सांगितला, की पुढचे संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचावयाचे. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, पार्सेकर अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्यांची कीर्ती या बोलण्यावर उभी राहिली, सामानावर नव्हे. शहरातील नाटकवाला एका प्रवेशाच्या देखाव्यावर जेवढे खर्च करील तेवढ्यात येथे स्वर्ग, पृथ्वी आणि यमलोक तिन्ही उभे राहतात.

अशा या तुटपुंज्या साधनांत मृत्यू दाखवावयाचा. संस्कृत नाट्यपरंपरेने रंगभूमीवर नायकाचे मरण प्रत्यक्ष दाखवू नये असा संकेत घालून दिला होता. आमच्या दशावतारी मंडळींनी तो कधी मनावर घेतला नाही. सत्यवान मरतो, रोहिदासाला सर्प डसतो, असुरांचे तर विचारूच नका. आणि मरण दाखविले की त्याला न्यावयास कोणीतरी यावयास हवे. तो दूत कसा असावा हा प्रश्न आपल्या पुराणांनी मोठ्या रसाने हाताळला आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा घ्या. मरतेवेळी त्याने धाकट्या मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली. तेवढ्यावरून विष्णुदूत धावून आले आणि यमदूतांची वाट अडवून उभे राहिले. मरणाऱ्याच्या उशाशी दोन पक्षांच्या दूतांचा वाद! यापेक्षा नाट्य ते काय असावयाचे?

आता प्रेक्षकांकडे वळू. यमदूताचे काम विनोदी पात्राकडे आले की आधी हशा पिकतो. सत्यवान मालवणी बोलत नाही, सावित्री बोलत नाही. त्या दोघांची भाषा पोथीतली, जड, संस्कृतप्रचुर. विनोदी पात्र मात्र गावचे बोलते. अमुक वाडीतला रस्ता खराब म्हणून यावयास उशीर झाला असे त्याने म्हणताच सारा मांड हसतो. सुशिक्षित पाहुण्यास हे रुचत नाही. एवढ्या गंभीर प्रसंगी हे चाळे कशाला, असे तो विचारतो. आम्हांला वाटते, हे हसणे उथळ नाही. घरात मयत झाल्यावर रात्र जागविणाऱ्या माणसांत पहाटे पहाटे कोणीतरी एखादी मजेची आठवण काढतो आणि रडणारीही हसतात, हे आपण पाहिलेले आहे. तेच हे हसणे.

दूत परततात आणि खुद्द यमधर्म येतो. आता हसणे थांबते. फास सत्यवानाच्या गळ्याकडे जातो, आणि बायकांच्या बाजूने एखादी म्हातारी उठून ओरडते, “सोड रे मेल्या तेका!” आम्ही हे एकापेक्षा अधिक ठिकाणी ऐकले आहे. यमालाच ‘मेल्या’ म्हणावयाचे! ती म्हातारी भाबडी आहे, तिला नाटक आणि खरे यांतला फरक कळत नाही, असे जो समजेल तो फसेल. सकाळी हाच यम कोणाच्या तरी पडवीत चहा पीत बसलेला तिने पाहिला आहे. तो कोणाचा मुलगा, त्याची शेती किती, हेही तिला ठाऊक असते. शेवटी सत्यवान उठणार हेही ठाऊक असते. हे सारे ठाऊक असूनही ती शिवी देते, कारण तिच्या आयुष्यात जेव्हा खरा यम आला तेव्हा तो तिला दिसला नाही. बोलणार कोणाशी? आज तो समोर उभा आहे, काळा रंग फासून, हातात सुताचा फास घेऊन. ती संधी ती सोडत नाही.

येथे शास्त्रकार आमच्याशी भांडतील. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले. नाटकातला शोक माझा नव्हे, परक्याचाही नव्हे, अशा पातळीवर गेला म्हणजे रस उत्पन्न होतो. अभिनवगुप्ताने तर आपल्याच सुखदुःखात गुरफटणे हे रसातील विघ्न म्हणून सांगितले. या हिशेबाने ती म्हातारी नापास होते; ती सत्यवानासाठी रडत नाही, स्वतःच्या माणसासाठी रडते. आम्ही शास्त्राचा अनादर करीत नाही. पण ते शास्त्र एकेका सहृदयाचा विचार करते. जत्रेतला प्रेक्षक एकटा नसतो. शेजारणीने डोळ्यांना पदर लावला की हिलाही रडू येते, आणि दोघींची मेलेली माणसे वेगळी असूनही रडणे एक होते. साधारणीकरण होतेच; ते मनाच्या आत न होता गोणपाटावर मांडीला मांडी लावून होते, एवढाच फरक.

परंतु या खेळातील एक अवघड जागा आम्हांला टाळता येत नाही. त्या मांडात विधवा बसलेल्या असतात. ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला ज्यांना कोणी वडाजवळ बोलावीत नाही, त्या कार्तिकातल्या जत्रेत सावित्रीचे आख्यान पहिल्या रांगेत बसून पाहतात. त्यांनी या कथेचा अर्थ काय घ्यावा? पातिव्रत्याच्या बळावर पती परत मिळाला, असे आख्यान म्हणते. मग जिचा परत आला नाही तिचे पातिव्रत्य कमी पडले काय? हा प्रश्न सुधारकांनी विचारला तो योग्यच होता आणि आजही मिटलेला नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, यावरून तो किती ताजा आहे हे दिसते. कथा तशीच लावावयाची असेल तर त्या बाईच्या जखमेवर आपण मीठ चोळतो, हे मंडळींनी आणि देवस्थानांनी ध्यानात घ्यावे.

पण कथा खरोखर तशी आहे काय? मूळ वनपर्वात जाऊन पाहा. सत्यवानाला न्यावयास यम स्वतः येतो. सावित्री पहिलेच विचारते की, महाराज, आपले दूत येतात म्हणून ऐकले होते, आपण कसे आलात? सत्यवान गुणी होता, त्याला दूतांकरवी नेणे बरे नव्हे, असे तो उत्तर देतो. मग अंगठ्याएवढा पुरुष देहातून ओढून तो दक्षिणेकडे चालू लागतो, आणि ही मागोमाग निघते. ती शाप देत नाही, पाय धरून आक्रोश करीत नाही. सात पावले बरोबर चालले की मैत्री होते, म्हणून मित्राशी दोन शब्द बोलते, असे म्हणून ती बोलत राहते. सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, असे एकेक पदरात पाडून चौथ्या वराला स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र मागते. यम ‘तथास्तु’ म्हणून बसतो, आणि मग पतीवाचून हा वर खरा कसा व्हावयाचा असे ती त्याला दाखवून देते. हा विजय पुण्याईचा आहे, हे खरे. पण त्याहून तो बुद्धीचा आणि वाणीचा आहे.

येथेच नटाची परीक्षा होते, आणि प्रेक्षकही येथेच ती घेतात. सावित्रीचे काम पुरुषच करतो. कच्चा नट असला की त्याची सावित्री रडून दया मागते. मांडात थोडे मुसमुसणे होते, मुले झोपतात, पुरुष खाजे आणावयास दुकानाकडे जातात. पक्का नट असला की त्याची सावित्री वाद घालते. यम एक बोलला की ती दोन बोलते. यमाचे काम करणाराही तयारीचा असेल तर तो सहजी हार मानत नाही, आणि पाठांतर नसल्यामुळे आता पुढे काय होणार हे त्या दोघांनाही पुरते ठाऊक नसते. अशा वेळी मांडाकडे पाहावे. रडणे थांबलेले असते. बायका ताठ बसलेल्या असतात. सावित्रीने यमाला शब्दात पकडले की पेटीवाल्या बुवांपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे एकदम ‘वा!’ म्हणतात, आणि कोणीतरी उठून दहा-वीस रुपयांचे बक्षीस तिच्या हातावर ठेवतो. या रात्री त्या विधवा बाईला कोणी दोषी ठरवीत नाही. तिच्या वतीने कोणीतरी यमाशी भांडत असते.

मृत्यूला असे समोर उभे करून बोलणे ही केवळ आपल्याच लोकांची हौस नव्हे. इंग्लंडात पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘एव्हरीमन’ नावाचे एक धार्मिक नाटक झाले. त्यात मृत्यू येऊन नायकाला बोलावतो, मित्र आणि नातलग साथ सोडतात, सत्कर्म तेवढे थडग्यापर्यंत सोबत करते आणि शेवटी देवदूत त्याच्या आत्म्याचे स्वागत करतो. त्याच कथेवर हॉफमनस्थालने जर्मन नाटक लिहिले, ते साल्झबुर्ग येथे १९२० साली कॅथीड्रलच्या दारासमोर उघड्यावर झाले. देवळासमोरचा मांडच म्हणा ना! मृत्यूची हाक तेथे आसपासच्या मनोऱ्यांवरून येते. तेथील तिकिटे आमच्या जत्रेला परवडणार नाहीत ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे १९३६ साली ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ काढला. अखेरीस वैकुंठाचे विमान येते आणि तुकोबा त्यातून जातात. त्या काळाच्या मानाने ती कॅमेऱ्याची करामत मोठीच होती, आणि लोकांनी थेटरात हात जोडले. तथापि आज तो चित्रपट पाहताना आमच्या मनात विमान राहत नाही; विष्णुपंत पागनीसांचा शांत चेहरा राहतो, आणि मागे राहिलेली गौरीची जिजाई राहते. तिला वैकुंठाचे बोलावणे असून ती जात नाही. मरणाच्या नाटकात जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याचे काम अवघड, हे त्या बाईने दाखविले.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गेल्या काही दशकांत आमच्या दशावतारात ‘ट्रिकसीन’ आले आहेत. जाहिरातीतच तसे छापलेले असते. यम धुरातून प्रकटतो, विजेचे लाल दिवे उघडमिट करतात, रेडा डोके हलवितो, मस्तक धडावेगळे होते. या गोष्टींचा आम्हांला तिरस्कार नाही. त्या बनविणारे कारागीर आपल्याच गावचे, आणि त्यांची बुद्धी वाखाणण्याजोगी आहे. मंडळीनाही पोट आहे. ट्रिकसीनला गर्दी होते आणि गर्दी झाली की पुढल्या वर्षीची जत्रा पक्की होते. परंतु प्रेक्षकांत झालेला पालट आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. धूर सुटताच शेदोनशे मोबाईल वर उठतात. टाळ्या पडतात. ज्या क्षणी म्हातारी ‘मेल्या’ म्हणून ओरडावयाची, त्या क्षणी ती रेडा कसा हलतो ते पाहत असते. आणि धुरावर वेळ गेला म्हणून सावित्रीचा वाद दहा मिनिटांत आटोपतो. शहरातील सभागृहांत खेळ आधीच अडीच-तीन तासांत बसवावा लागतो. तेथे तर पहिली कात्री संवादालाच लागते.

तेव्हा जे लोक या गावात आणि आसपासच्या गावांत खेळ ठेवतात, त्यांच्याकडे आमचे मागणे एवढेच. ट्रिकसीन हवे तर असुराच्या वधाला ठेवा. यमाच्या प्रवेशाला बाकडे, पखवाज आणि दोन बोलणारे नट पुरे आहेत. आणि त्या दोघांना घड्याळ दाखवू नका. बक्षिसेही रेड्याऐवजी एखाद्या चांगल्या उत्तराला द्या, म्हणजे तरुण नट पुराणे वाचतील. आज पुष्कळसे तरुण नट दिवसा नोकरी करून रात्री उभे राहतात. आख्यानाचा अभ्यास करावयास त्यांना वेळ हवा, आणि तो वेळ मिळावा इतके मानधन हवे.

गेल्या हंगामात एका जत्रेत असा खेळ झाला. वाद चांगला तासभर चालला. हंडी फुटली तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. दही हातावर घेऊन बायका पाणंदीने परतू लागल्या, आणि आमच्या पुढे चाललेल्या दोघींत बोलणे चालले होते. सत्यवान उठला याविषयी त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एक दुसरीला म्हणत होती, “आज सावित्रीन यमाक बोलाकच दिल्यान नाय.”