कडू मुळी आणि तिचा भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशी परवडत नाही असं म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतो, औषधी वनस्पती लावा, परदेशात सोन्याचा भाव आहे. म्हणून आज परदेशातल्याच एका औषधी वनस्पतीचा हिशेब मांडतो.

जपानात ओरेन नावाचं वीतभर रोपटं आहे. जंगलाच्या ओल्या सावलीत, उंच झाडांखाली वाढतं. त्या झाडांना तिकडे 'सुगी' म्हणतात! नाव सुगी, पण खाली राबणाऱ्याची सुगी कशी ते ऐका. ओरेनची मुळी हळदीसारखी पिवळी आणि जीभ आखडेल इतकी कडू. हा कडूपणा बर्बेरिनचा. आपल्या दारुहळदीतही तेच असतं. वाळल्या मुळीत ते किमान 4.2 टक्के हवं, असा जपानच्या औषधसंहितेचा नियम आहे. पोटाच्या तक्रारींवर तिकडच्या 'कांपो' वैद्यकात ती शेकडो वर्षं वापरतात.

फुकुई प्रांतात ओनोचे डोंगरी शेतकरी ती जंगलात लावत आले. आपण जूनमध्ये सरकी टोबली की दिवाळीच्या सुमारास वेचणी. तिथे काढणीला दहा-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. तांबा भागात शेतात सावली करून लावतात, तरी पाच-सहा वर्षं जातातच. मग खणा, पानं छाटा, वाळवा, बारीक मुळ्या जाळावर जाळा, घासून साफ करा. सगळं हातानं.

आणि भाव? 1976 मध्ये जपान सरकारनं कांपो औषधं मोठ्या प्रमाणावर आरोग्य विम्यात घेतली. रोग्याची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण विम्यातल्या औषधाचा दर सरकार ठरवतं, आणि कारखानदार मुळी त्या दराच्या आतच घेणार. वर चीनचा स्वस्त माल. जपानच्या औषधी कच्च्या मालापैकी सुमारे 80 टक्के चीनमधूनच येतो. मागणी होती, माल उत्तम होता, तरी ओरेन लावणारे कमी होत गेले. ज्यांनी एकाधिकार खरेदीत कापूस घातला, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

ओरेन आपल्या कोरडवाहू रानात येणारच नाही. पण दुसऱ्या कुठल्या मुळीची रोपं घेऊन कोणी दारात आला, तर विचारा: माल तूच घेणार का? कोणत्या भावानं? कागदावर लिहून देतोस का? लिहून देत असेल तर बसवा, चहा पाजा.

आता ज्वारीच्या भावाचा ठराव वाचून दाखवतो.